परदेशात एमबीए: कॉलेजच्या नावाआधी नोकरीचा हिशोब कसा मांडायचा

फत्तेगंजपासून अलकापुरीपर्यंत परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या बडोद्यात आता दर दहा पावलांवर दिसतात. आत गेलं की बजेट किती, देश कोणता, हे विचारतात आणि मग रँकिंगची यादी पुढे सरकवतात. ज्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे तो मात्र क्वचितच निघतो. भारतीय पासपोर्टवर, व्हिसाची गरज असलेल्या माणसाला तिथे शिकून त्याच देशात नोकरी कोण देतं, आणि किती जणांना देतं? या प्रश्नाचं उत्तर कोणाच्याही भरवशावर न राहता घरी बसून बऱ्यापैकी काढता येतं. ते कसं, एवढंच इथे सांगतो.

माझ्या डोळ्यांसमोर दोन प्रकारची माणसं आहेत. मकरपुरा, हालोल, नंदेसरी किंवा कोयलीच्या रिफायनरीत तीन-सहा वर्षं काढलेले इंजिनिअर आणि सी.ए. झालेली, बँकेत लागलेली तरुण मंडळी हा एक प्रकार. त्यांच्यासाठी घर तारण ठेवायला तयार झालेले आईवडील हा दुसरा. दोघांनी हे एकत्र बसून वाचावं, असं मला मनापासून वाटतं, कारण सही दोघांची लागते.

सुरुवात स्वतःपासून

कॉलेज शोधण्याआधी एका कागदावर लिहा: एमबीए झाल्यावर कोणत्या हुद्द्याची नोकरी हवी, कोणत्या क्षेत्रात, आणि त्या देशात किती वर्षं राहायचं आहे. 'मॅनेजमेंटमध्ये जायचंय' हे उत्तर चालणार नाही. 'केमिकल कंपनीत सप्लाय चेन मॅनेजर' किंवा 'कन्सल्टिंग फर्ममध्ये ऑपरेशन्स' असं उत्तर हवं, कारण पुढचा सगळा शोध त्याच शब्दांवर चालतो.

अनुभव दोन वर्षांहून कमी असेल तर थांबा. पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात सरासरी अनुभव साधारण पाच वर्षांचा असतो आणि कंपन्याही त्याच हिशेबाने पगार देतात. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी मास्टर्स इन मॅनेजमेंट हा वेगळा अभ्यासक्रम असतो. त्याचे पगार वेगळे आणि त्यातून मिळणाऱ्या नोकऱ्याही वेगळ्या. दोन्ही एकाच यादीत दाखवणाऱ्या सल्लागाराला तिथेच प्रश्न विचारा.

एम्प्लॉयमेंट रिपोर्ट ओळीनं ओळ वाचा

प्रत्येक बऱ्या बी-स्कूलच्या वेबसाइटवर दरवर्षीचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट असतो. तो नसेल किंवा दोन-तीन वर्षांपूर्वीचाच असेल, तर मी ते कॉलेज यादीतून काढून टाकतो. अमेरिकेतली अनेक कॉलेजं एमबीए सीएसईए या संस्थेने आखून दिलेल्या पद्धतीने आकडे देतात. त्यामुळे दोन कॉलेजांची तुलना थोडी सोपी होते. पण जाहिरातीत जो टक्का मोठ्या अक्षरांत दिसतो तो कशाचा टक्का आहे, हे आधी शोधावं लागतं.

उदाहरणासाठी एक काल्पनिक वर्ग घेऊ. एकूण १०० विद्यार्थी. त्यातले २५ 'नोकरी शोधत नाहीत' या रकान्यात जातात: कोणाला त्याच्या कंपनीनेच पाठवलेलं असतं, कोणी घरच्या धंद्यात परततो, कोणी स्वतःचा व्यवसाय काढतो. पाच जणांनी माहितीच कळवलेली नसते. उरले ७०. त्यातल्या ६३ जणांना पदवीनंतर तीन महिन्यांच्या आत ऑफर मिळाली, म्हणून जाहिरात ९० टक्के सांगते. आता त्या ७० मध्ये ४० जण स्थानिक नागरिक आहेत आणि ३० परदेशी. स्थानिकांपैकी ३९ जणांना ऑफर आली, परदेशी विद्यार्थ्यांपैकी २४ जणांना. तुमच्यासाठी आकडा ८० टक्क्यांवर आला. त्या २४ मधले ८ जण आपापल्या मायदेशी परतून कामाला लागले असतील, तर त्या देशात नोकरी मिळालेले उरतात १६, म्हणजे ३० पैकी १६. मघाचा ९० टक्क्यांचा आकडा खोटा नव्हता, पण तो तुमचा नव्हता.

हे आकडे रिपोर्टमध्ये कुठे सापडतात? अमेरिकन रिपोर्टमध्ये 'कायमस्वरूपी कामाची परवानगी असलेले' आणि 'नसलेले' अशा दोन ओळी शोधा. दुसरी ओळ तुमची. काही कॉलेजं ही विभागणी देतच नाहीत. मग अ‍ॅडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करून मागा. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर तेही वहीत लिहून ठेवा. युरोप आणि आशियातल्या रिपोर्टमध्ये ही विभागणी सहसा नसते, पण 'कोणत्या भागातून आले, कोणत्या भागात कामाला लागले' असा तक्ता अनेकदा असतो. दक्षिण आशियातून आलेले किती आणि दक्षिण आशियात नोकरीला लागलेले किती, हे शेजारी ठेवलं की पुष्कळ कळतं.

पगाराच्या रकान्यात मध्यक (सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहा, सरासरी पाहू नका. गुंतवणूक बँकेत गेलेले दोघे-तिघे सरासरी कुठल्या कुठे नेतात. पगाराची माहिती किती टक्के लोकांनी दिली, हेही तिथेच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, म्हणून तो हिशोबात धरू नका.

लिंक्डइनवर स्वतः मोजणी करा

रिपोर्ट कॉलेज छापतं, ही मोजणी मात्र तुमची स्वतःची. मला स्वतःला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते. त्यासाठी एक रविवार पुरतो.

लिंक्डइनवर त्या बी-स्कूलच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे पदवीचं वर्ष निवडा, दोन ते चार वर्षांपूर्वीचं. मग शोधाच्या चौकटीत भारतीय विद्यापीठांची नावं टाका: महाराजा सयाजीराव विद्यापीठ, गुजरात विद्यापीठ, पुणे, मुंबई, निरमा, एनआयटी सुरत. ज्यांची पहिली पदवी इथली, त्यांचा पासपोर्टही बहुधा इथलाच. अशी तीसेक माणसं जमवा. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: आज कोणत्या देशात आहे, एमबीएनंतर पहिली नोकरी कोणत्या महिन्यात सुरू झाली, आणि ती नोकरी एमबीएआधीच्या कामापेक्षा खरोखर वेगळी किंवा वरची होती का.

तिसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात. एमबीएआधी सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर इंजिनिअर असलेला माणूस एमबीएनंतर तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर इंजिनिअरच असेल, तर त्याला नोकरी मिळाली हे खरं, पण ती पूर्वीच्या अनुभवाच्या जोरावर. तुम्ही केमिकल प्लांटमधून येत असाल तर त्याच्या यशातून तुमच्याबद्दल काही सिद्ध होत नाही. तुमच्यासारख्या पार्श्वभूमीची माणसं शोधा. सहासात जरी सापडली तरी पुष्कळ.

मग त्यातल्या पाच-सहा जणांना लिहा. बडोद्याचे किंवा मराठी असतील तर मराठीतच लिहा, उत्तर येण्याची शक्यता वाढते. निरोप चार ओळींचा ठेवा: मी अमुक ठिकाणी इतकी वर्षं काम करतो, तुमच्या कॉलेजचा विचार करतोय, वीस मिनिटं बोलता येईल का. फोनवर 'कॉलेज कसं आहे?' हे विचारू नका, कारण पदरमोड करून शिकलेला माणूस आपल्या कॉलेजला सहसा वाईट म्हणत नाही. विचारा: कॅम्पसवर आलेल्या कंपन्यांपैकी कोणी व्हिसा लागणाऱ्यांचे अर्ज घेतलेच नाहीत? तुमच्या बॅचमधल्या भारतीयांपैकी पदवीच्या दिवशी हातात काहीच नसलेले साधारण किती होते? तुमची नोकरी कॅम्पसवरून मिळाली की तुम्ही बाहेरून शोधली? कर्जाचा हप्ता कधी सुरू झाला? सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जे परत भारतात गेले त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलता येईल का? परतलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय यादी पक्की करू नका.

देशाचे नियम: कॉलेज कितीही मोठं असो, परवाना सरकार देतं

नियम बदलत राहतात. खालचे आकडे २०२५ च्या अखेरीपर्यंत जाहीर झालेले आहेत. अर्ज करण्याआधी त्या-त्या सरकारच्या वेबसाइटवर तारखेसकट पडताळा, आणि तुम्ही शिकून बाहेर पडाल त्या वर्षी कोणता नियम लागू असेल ते पाहा.

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येतं. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) वर्गात मोडत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, म्हणजे एकूण तीन वर्षं. म्हणून 'तुमचं एमबीए स्टेम आहे का, की त्यातली एखादीच शाखा स्टेम आहे?' हा प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. या वाढीव मुदतीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. म्हणूनच 'तीन महिन्यांच्या आत ऑफर' हा रकाना परदेशी विद्यार्थ्यासाठी जीवनमरणाचा आहे. स्थानिक विद्यार्थी सहा महिने शोधत बसू शकतो, तुम्ही नाही.

ओपीटीनंतर एच-१बी, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवायचा कामाचा व्हिसा. दरवर्षी ६५,००० जागा आणि अमेरिकन मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,०००. मात्र या दुसऱ्या कोट्यासाठी विद्यापीठ सरकारी किंवा ना-नफा तत्त्वावरचं आणि मान्यताप्राप्त असावं लागतं. नफ्यासाठी चालवलेल्या संस्थेची पदवी तिथे उपयोगी पडत नाही. नोंदणी मार्चमध्ये होते, मग लॉटरीने निवड, आणि निवड झाल्यास काम १ ऑक्टोबरपासून. तीन वर्षं ओपीटी असेल तर ही निवड साधारण तीनदा तुमच्या वाट्याला येते, स्टेम नसेल तर जेमतेम एकदा. एवढ्या एका फरकावर मी दोन कॉलेजांमधली निवड फिरवेन. २०२६ च्या निवडीपासून जास्त पगाराच्या श्रेणीतल्या अर्जांना जास्त संधी देणारी पद्धत ठरली आहे. चांगल्या पगाराच्या एमबीएला ती सोयीची आहे, कमी पगारावर तयार होणाऱ्याला अडचणीची.

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेत राहूनच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागत नाही, असा खुलासा पुढच्या महिन्यात यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याने केला. म्हणजे अर्ज चालू असताना लग्नाकार्यासाठी बडोद्याला येण्याचं तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डाचा हिशोब तर या गणितात धरूच नका. देशनिहाय मर्यादेमुळे भारतीयांची रांग फार लांब आहे.

अमेरिकेसाठी एक हुकमी साधन आहे आणि ते फुकट आहे. यूएससीआयएसच्या वेबसाइटवर एच-१बी एम्प्लॉयर डेटा हब आहे. एम्प्लॉयमेंट रिपोर्टमधल्या कंपन्यांची नावं एकेक करून तिथे टाका. कोणत्या कंपनीने कोणत्या वर्षी किती अर्ज मंजूर करून घेतले, ते समोर येतं. रिपोर्टमधल्या ४० कंपन्यांपैकी १२ जणांचेच अर्ज दिसले, तर तुमच्यासाठी त्या कॉलेजात १२ च कंपन्या येतात.

ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूटवर (पदवीनंतर राहून काम करण्याचा व्हिसा) दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाचं एमबीए सुरू करणारा याच नियमात सापडतो. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा. त्याची पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पाउंड झाली. विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्या नवोदितांना ३३,४०० पाउंडांची सवलत आहे, पण ती कायमची नाही. मोठ्या बी-स्कूलमधून निघालेल्यांना ही अट अडत नाही. लहानशा विद्यापीठातून स्वस्तात एमबीए करून लंडनबाहेर नोकरी शोधणाऱ्याला मात्र हीच अट अडते. ब्रिटिश सरकार स्पॉन्सरशिपचा परवाना असलेल्या कंपन्यांची पूर्ण यादी वेबसाइटवर ठेवतं. डेटा हबसारखीच ती वापरा.

कॅनडात फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांहून कमी मुदतीच्या मास्टर्स पदवीलाही तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, आणि ते एका कंपनीला बांधलेलं नसतं. ही मोठी सोय आहे. पण मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये (कायमच्या वास्तव्यासाठीची गुणपद्धत) नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले, आणि वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच मिळतात. तिशी ओलांडून एमबीएला निघालेल्याने आपले गुण सरकारी गणकयंत्रावर आजच मोजून पाहावेत. आणि कॉलेजचा 'बिझनेस मॅनेजमेंट डिप्लोमा' हे एमबीए नव्हे. नोव्हेंबर २०२४ पासून अशा डिप्लोमांना वर्क परमिटसाठी विषयाची अट आहे. विद्यापीठाच्या मास्टर्स पदवीला ती अट नाही.

जर्मनी आपल्या इंजिनिअर मंडळींना शोभणारा देश आहे, पण भाषेशिवाय नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) २०२५ मध्ये ४८,३०० युरो पगाराची सर्वसाधारण अट होती, आणि बी-१ (मध्यम) पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. मॅनहाइम, ईएसएमटी बर्लिन, डब्ल्यूएचयू इथे एमबीए इंग्रजीत होतं, कारखान्यातली बैठक मात्र जर्मनमध्ये होते. बारा-पंधरा महिन्यांच्या अभ्यासक्रमात भाषा शिकायला वेळ उरत नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत जर्मन शिकवतात, पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. अर्ज करण्याच्या वर्षभर आधीपासून शिकायला लागा, निघेपर्यंत बी-१ व्हावं. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्रही लागतं, त्याला वेळ लागतो.

सिंगापूरमध्ये कामाचा परवाना सहज मिळतो, हा गैरसमज आहे. एम्प्लॉयमेंट पास या परवान्यासाठी २०२५ पासून किमान ५,६०० सिंगापूर डॉलर मासिक पगार लागतो. ही सुरुवातीची अट आहे, वयाबरोबर ती वाढते. शिवाय २०२३ पासून कॉम्पास ही गुणपद्धत आहे आणि त्यात ४० गुण हवेत. त्यात एक कसोटी अशी, की कंपनीच्या वरच्या पदांवर तुमच्या देशाचे लोक आधीच एक चतुर्थांश किंवा त्याहून जास्त असतील तर त्या कसोटीत तुम्हाला शून्य गुण मिळतात. भारतीयांनी भरलेल्या आयटी कंपनीत शिरणं म्हणूनच अवघड जातं, तर जिथे आपले लोक मोजकेच आहेत तिथे तीच कसोटी तुमच्या बाजूची होते.

ऑस्ट्रेलियात मास्टर्सनंतर भारतीयांना तीन वर्षांपर्यंतचा व्हिसा आहे, पण २०२४ पासून वयाची मर्यादा ३५ आहे. आयर्लंडमध्ये मास्टर्सला दोन वर्षं मिळतात. स्वित्झर्लंडमध्ये फक्त सहा महिने, आणि तिथे युरोपबाहेरच्यांना कोटा आहे.

क्षेत्र आणि मुदत

कन्सल्टिंग, मोठ्या टेक कंपन्या आणि मोठ्या बँका व्हिसाचा खर्च सवयीने करतात. मध्यम आकाराच्या कारखानदार कंपन्या बहुतेक वेळा करत नाहीत, आणि आपली मुलं नेमकी तिथूनच आलेली असतात. अमेरिकेत संरक्षण आणि विमाननिर्मितीच्या बऱ्याच जागा निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे परदेशी नागरिकाला बंदच आहेत. इथे हालोल-सावलीत कारखानदारी शिकून तिकडे त्याच धंद्यात जाण्याचं स्वप्न असेल, तर हे आधी ठाऊक असू द्या.

क्षेत्र बदलायचं असेल तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम बरा, कारण मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते आणि बऱ्याच ऑफर तिथूनच येतात. इन्सिअॅडचं दहा महिन्यांचं किंवा ऑक्सफर्ड, केंब्रिजचं एक वर्षाचं एमबीए खर्चाला हलकं पडतं. पण क्षेत्र, देश आणि हुद्दा तिन्ही एकदम बदलायचं असेल तर एक वर्ष फार थोडं. तिन्हीपैकी एक तरी गोष्ट तीच ठेवा.

एक आडवाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बडोद्यात लिंडे इंजिनिअरिंगसारख्या परदेशी कंपन्यांची कार्यालयं आहेत. अशा कंपनीच्या भारतातल्या शाखेत वर्षभर सलग काम केलं, की अमेरिकेतल्या शाखेत एल-१ व्हिसावर बदली होऊ शकते. त्याला लॉटरी नाही. काहींसाठी ही वाट एमबीएपेक्षा स्वस्त आणि लवकरची आहे.

मान्यता आणि रँकिंग

एएसीएसबी, ईक्विस आणि एएमबीए या बी-स्कूलचा दर्जा तपासून दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी किमान एक असावी. तिन्ही असतील तर उत्तम, पण मान्यता म्हणजे नोकरी नव्हे. ब्रिटनच्या एखाद्या विद्यापीठाचं 'लंडन कॅम्पस' असेल तर ते विद्यापीठ स्वतः चालवतं की खाजगी भागीदार, हे विचारा. जर्मनीतल्या खाजगी संस्थेचा दर्जा अनाबिन या सरकारी यादीत पाहा.

रँकिंगवर मी फार वेळ घालवत नाही. फायनान्शिअल टाइम्सच्या यादीत पदवीनंतर तीन वर्षांच्या पगाराला मोठं वजन असतं आणि तो पगार क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या देशातल्या महागाईप्रमाणे, फिरवलेला असतो. त्यातल्या डॉलरच्या आकड्यावरून हप्त्याचं गणित मांडू नका.

पैसा: परत आलो तरी फेडता येईल का?

अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या दोन वर्षांच्या एमबीएचा फी आणि राहण्याचा मिळून खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. त्यात इथला बुडालेला पगार आणि कर्जाचं व्याज मिळवा. मग दोन हिशोब मांडा: एक तिथे राहिल्याचा, दुसरा अठरा महिन्यांनी बडोद्याला परतल्याचा. पहिला सगळे मांडतात, दुसरा फारसं कोणी मांडत नाही.

समजा ६० लाखांचं कर्ज, व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता महिना सुमारे ८१ हजार. शिकत असताना आणि नंतरच्या सवलतीच्या काळात, म्हणजे एक वर्षाचा अभ्यासक्रम धरला तर दीड वर्ष, व्याज भरलं नाही आणि रक्कम सुरुवातीलाच पूर्ण उचललेली असली, तर साधारण साडेनऊ लाख मुद्दलात जमा होतात आणि हप्ता ९४ हजारांच्या आसपास जातो. आता परत येऊन महिना दीड लाख हातात पडतात असं धरा. उरतात ५६ हजार. भाडं, लग्न, आईवडिलांचा दवाखाना सगळं त्यातच. माझं मत असं, की परतल्यानंतरच्या अपेक्षित पगाराच्या ४० टक्क्यांहून हप्ता जास्त होत असेल तर ते कॉलेज आपलं नाही. शिष्यवृत्ती मागा, स्वस्त देश पाहा, किंवा दोन वर्षं पैसे साठवा. फक्त मोठ्या पगाराच्या भरवशावर घर पणाला लावू नये.

१९०८ मध्ये इथेच सुरू झालेली बँक ऑफ बडोदा असो की स्टेट बँक, तारण ठेवून घेतलेलं कर्ज खाजगी वित्तसंस्थांपेक्षा सहसा स्वस्त पडतं. पण तारणाची कागदपत्रं वेळ खातात. रावपुरा, दांडिया बाजार भागातलं आजोबांच्या नावावरचं घर असेल, तर वारसनोंद, प्रॉपर्टी कार्ड आणि सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात. फ्लॅट असेल तर बीयू (बिल्डिंग यूज) परमिशन आणि सोसायटीचे कागद. बँकेचा वकील आणि मूल्यमापक आपापला वेळ घेतात. प्रवेश मिळण्याआधीच हे सुरू करा. सह्यांसाठी काका-आत्यांना शेवटच्या आठवड्यात फोन करण्याची वेळ येऊ देऊ नका, नात्यावर ताण येतो.

जामीनदाराशिवाय डॉलरमध्ये कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. तिथे नोकरी टिकली तर ठीक. परत यावं लागलं तर रुपयांत कमवून डॉलर फेडायचे, आणि रुपया घसरला की हप्ता वाढतो. हा धोका सहीआधी समजून घ्या. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर) लागत नाही. कर्जाच्या व्याजाची करात वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०-ई) आठ वर्षांपर्यंत मिळते, पण ती जुन्या करपद्धतीतच.

सल्लागाराकडे जाताना

अनेक परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे सल्लागाराला कमिशन देतात. तुमच्याकडून फी घेतली नाही, तर ती कुठून येते हे विचारा. पहिल्या फळीतली बी-स्कूल सहसा अशा मार्गाने विद्यार्थी घेत नाहीत, त्यामुळे ती यादीत दिसतच नाहीत. व्हिसाचे फॉर्म, कागदांची जुळवाजुळव यासाठी सल्लागार उपयोगी पडतो. कॉलेज मात्र तुम्ही निवडा. 'नोकरीची हमी' हा शब्द निघाला तर उठून या.

तारखा आणि डिपॉझिट

बहुतेक अमेरिकन कॉलेजांचा पहिला राउंड सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आसपास, आणि दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तरायणाच्या आधी संपतो. तिसऱ्या राउंडला परदेशी अर्जदाराने जाऊ नये. शिष्यवृत्ती संपत आलेली असते आणि कर्ज, व्हिसा यांना वेळ उरत नाही. जीमॅट किंवा जीआरई त्याआधीच्या उन्हाळ्यात उरका. शिफारसपत्रासाठी साहेबांना दोन महिने आधी सांगा.

प्रवेश मिळाला की शिष्यवृत्ती वाढवून मागायला लाजू नका. दुसऱ्या कॉलेजची ऑफर हातात असेल तर ती जोडून विनम्र ईमेल करा. पुष्कळदा रक्कम वाढते, नाही वाढली तरी प्रवेश जात नाही.

डिपॉझिट भरण्याआधी कॉलेजकडून तीन उत्तरं लेखी घ्या: व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल आणि कोणत्या तारखेपर्यंत मागावी लागेल; जागा एक वर्ष पुढे ढकलता येते का, आणि ढकलली तर शिष्यवृत्ती टिकते का; गेल्या वर्षीच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी किती जणांना त्या देशात नोकरी लागली. पहिल्या दोन्हींची उत्तरं पुरेशी मिळाली, आणि तिसऱ्याचं उत्तर तुमच्या लिंक्डइनवरच्या मोजणीशी जुळलं, तर पैसे भरा. जुळलं नाही तर फरक कशामुळे, हे करिअर ऑफिसला विचारा आणि उत्तर येईपर्यंत डिपॉझिटची मुदत वाढवून मागा. बहुतेक कॉलेजं कारण सांगितलं की आठ-पंधरा दिवस देतात.